काएना पॉइंट: वाट सपाट असली तरी समुद्राकडे पाठ करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही हवाईच्या ओआहू बेटावर, होनोलुलूला चार दिवस आहात. सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. आईंचा एक गुडघा कुरकुरतो. डायमंड हेड टेकडीच्या पायऱ्या नकोत, दिवसभराची तंगडतोड नको, समुद्राच्या कडेने जाणारी तीन-चार तासांची वाट हवी. बेटाच्या पश्चिम टोकावर, काएना पॉइंटला, अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी अगदी जवळून दिसतात असं कुणीतरी सांगितलंय. तर कोणत्या बाजूने जावं, झेपेल का, त्यापेक्षा पूर्वेकडचं मकापूउ बरं का, आणि ड्रोन आणला तर चालेल का.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. जरूर जा. उत्तरेकडच्या मोकुलेइआच्या बाजूने जा, सकाळी सातला चालायला लागा आणि अकराच्या आत गाडीपाशी परत या. आईंना वाटेत कुठेही "आता पुरे" असं वाटलं तर तिथूनच वळा, कारण जेवढं चालाल तेवढंच परत यायचं आहे आणि सावलीत टेकायला जागा नाही. मी ओआहूवर सतरा वर्षं राहते आणि पक्ष्यांच्या हंगामात या टोकावर लोकांना घेऊन जात आले आहे. या वाटेवर माणसं दमलेली पाहिली, उन्हाने गळालेली पाहिली, भिजलेली तर कितीतरी. चढ लागला म्हणून कुणी तक्रार केल्याचं मात्र आठवत नाही. चढ जवळजवळ नाहीच. माणूस बेसावध होतो तो त्यामुळेच.

आता बाजू कोणती ते. काएना हे ओआहूचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. दोन्हीकडून येणाऱ्या रस्त्याचं नाव एकच, फॅरिंग्टन हायवे, त्यामुळे नकाशा पाहून वाटतं की तो टोकाला वळसा घालून सलग जात असणार. जात नाही. दोन्हीकडे डांबर संपतं आणि मधल्या सुमारे आठ किलोमीटरांत पायीच जायचं. म्हणजे कुठूनही निघालात तरी टोकापर्यंत चारेक किलोमीटर आणि परत तेवढेच. एकीकडे गाडी लावून दुसरीकडे उतरायचा हुशार बेत दरवर्षी कुणीतरी आखतं. मग गाडीपर्यंत परत यायला अख्ख्या वाइआनाए डोंगररांगेला वळसा घालून दीड तासाचा रस्ता. बस दोन्हीकडे वाटेच्या सुरुवातीपर्यंत येत नाही. होनोलुलूतल्या वाइकीकीहून दोन्ही बाजू साधारण सारख्याच लांब आहेत, पासष्टेक किलोमीटर, सव्वा तास धरा.

पश्चिमेकडची सुरुवात केआवाउलाच्या पुळणीवरून होते. हिलाच योकोहामा बे असंही म्हणतात. तिथे जीवरक्षक असतात, स्वच्छतागृह आहे, आणि सकाळी सूर्याला डोंगरामागून वर यायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचा तासभर बरा जातो. वाट जास्त देखणी तीच. खडकात लाटांनी कोरलेल्या कमानी आहेत, खालून पाणी घुसलं की फूत्कारणारी भोकं आहेत. एकटी असले की मी इकडूनच जाते. पण ही वाट पाण्याच्या वर, खडकाच्या धारेने जाते, पायाखाली सुटे दगड आहेत, आणि एके ठिकाणी जुना रस्ता समुद्राने पार खाऊन टाकलाय. तिथे डोंगराच्या अंगाने अरुंद, घसरड्या पायवाटेने वरून फिरून जावं लागतं. अंतर थोडकंच, पण कुरकुरणाऱ्या गुडघ्याला आणि मुलीचा हात धरून चालणाऱ्याला ते नको.

मोकुलेइआची वाट त्यामानाने साधी. छोट्या विमानांच्या धावपट्टीवरून पुढे गेलं की डांबर संपतं, तिथल्या मातीच्या मैदानात गाडी लावायची. पुढे जीपच्या चाकोऱ्या पडलेला रुंद रस्ता. परवाना घेतलेल्या गाड्या काही अंतर आत जातात. पाऊस झाला असेल तर या चाकोऱ्यांची डबकी होतात आणि लाल माती बुटांच्या तळव्यांना अशी चिकटते की पाय उचलताना प्रत्येक बूट किलोभर जड वाटतो. डबक्याच्या कडेकडेने जा. झुडपांतून नवी वाट पाडू नका, अशा पाडलेल्या वाटांनी इथल्या रोपांची आधीच वाट लावली आहे. सुरुवातीला काटेरी किआवेची झाडं लागतात. त्यांचे काटे साध्या स्लीपरच्या आरपार जातात, म्हणून जाड तळव्याचे बूट. आणि इकडे स्वच्छतागृह नाही, ते अलीकडच्या हालेइवा गावातच उरकून घ्या.

वाऱ्याचाही हिशोब करा. इथे बहुतेक दिवस व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात. मोकुलेइआहून जाताना ते पाठीशी असतात, त्यामुळे घाम जाणवत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. परतताना तोच वारा तोंडावर येतो, ऊनही तोंडावर. जाताना सोपं वाटलेलं अंतर येताना दीडपट वाटतं. म्हणून मी मोठ्या माणसांना सांगते की जाताना "अजून जोर आहे" असं वाटतंय तेवढ्यातच वळायचा निर्णय घ्या. प्रत्येकी दोन लिटर पाणी, ते कमी वाटलं तर तीन. वाटेत नळ नाही, दुकान नाही, सावली तर नाहीच. 'का एना' या नावाचा अर्थच उष्णता, धग असा सांगतात. मे अखेरीला आणि जुलैच्या मध्याला तर इथे दुपारी शून्य सावलीचे दिवस असतात, सूर्य बरोबर डोक्यावर. जानेवारीत तेवढं नसतं, तरी नऊनंतर ऊन टोचायला लागतं. रुंद काठाची टोपी घ्या, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्या. सनस्क्रीन इथेच घेतलंत तर बरं: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाई राज्यात १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. तुमच्या बॅगेतल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून पाहा.

आता समुद्र. हा भाग नीट वाचा, बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही येताय ते ऐन लाटांच्या दिवसांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तर पॅसिफिकमध्ये मोठी वादळं होतात. त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर येऊन ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर आदळतात. इथे आकाश निळं, वारा मंद, आणि तरी समोर दुमजली घराएवढी लाट, हे सहज घडतं. हवामानाचा आणि लाटेचा इथे संबंध लागत नाही, कारण लाट दुसऱ्याच ठिकाणच्या हवामानाची असते. त्यातून काएना म्हणजे दोन किनाऱ्यांचा कोपरा. उत्तरेकडून आलेली लाट टोकाला वळसा घालते आणि पश्चिमेकडच्या पाण्यावर तिरपी चढते. टोकावर उभं राहून पाहिलंत तर दोन दिशांच्या लाटा एकमेकींवर आपटून उभी भिंत उठताना दिसते. हे बघण्यासारखं असतं, पण लांबून.

लाटा घोळक्याने येतात हे लक्षात ठेवा. दहा-पंधरा मिनिटं साध्या लाटा येतात, आपण म्हणतो, चला, इथपर्यंतच येतंय पाणी. मग एकामागोमाग चार-पाच मोठ्या येतात आणि त्या पहिल्या ओल्या रेषेच्या खूप वर जातात. माझं स्वतःचंच सांगते. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी मैत्रिणीबरोबर एका कोरड्याठाक खडकावर डबा खायला बसले होते. पाणी आमच्यापासून चांगलं वीसेक पावलं खाली. खडकाला बशीएवढे खळगे होते आणि त्यांत पांढरं काहीतरी साकळलेलं. मी बोटाने खरवडून चाखलं, तर मीठ. दोघींना गंमत वाटली. ते मीठ तिथे आलं कसं, हा प्रश्न काही पडला नाही. तो पडेपर्यंत पाणी छातीपर्यंत होतं. आम्ही दोघी खडकाला धरून राहिलो म्हणून बचावलो. कोपरं सोलली, आणि गाडीच्या किल्लीसकट सॅक गेली. गाडीपर्यंत चार किलोमीटर ओल्या बुटांनी चालत गेलो आणि मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मदत मागवली.

तेव्हापासून माझी खूण ही: खळग्यात मीठ म्हणजे इथे लाट येते. खडक कोरडा आहे की ओला याला अर्थ नाही. दुसरी खूण झाडांची. नाउपाकाची गुबगुबीत हिरवी झुडपं जिथून सुरू होतात त्याच्या वरच्या बाजूला राहा, उघड्या खडकावर उतरू नका. तिसरी गोष्ट, समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. मुलीला तर हेच एक वाक्य पाठ करायला लावा. मोकुलेइआच्या वाटेचा फायदा हाच की ती बऱ्याच ठिकाणी पाण्यापासून हात राखून, वाळूच्या टेकाडांच्या आतून जाते. आदल्या रात्री राष्ट्रीय हवामान सेवेची लाटांची सूचना बघा. उत्तर किनाऱ्यासाठी 'हाय सर्फ वॉर्निंग' असेल तर टोकाच्या खडकांपर्यंत उतरायचं नाव काढू नका, टोकाच्या अलीकडे पक्ष्यांसाठी घातलेलं कुंपण आहे, त्याच्या आत वरच्या वाटेनेच फिरा. पोहायचं तर कोणत्याच दिवशी नाही. वाटेवर जीवरक्षक नाहीत, फोनची रेंज येते-जाते. गरज पडली तर ९११, आणि रेंज मिळेपर्यंत चालावं लागेल हे धरून चाला.

एवढं घाबरवल्यावर आता चांगलं सांगते.

टोकाच्या अलीकडे वाट एका जाळीच्या भिंतीपाशी येते. ही भिंत दोन मीटर उंच आणि साधारण साडेसहाशे मीटर लांब, टोक आडवं कापत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गेलेली. २०११ मध्ये ती पुरी झाली आणि अमेरिकेत या प्रकारचं हे पहिलंच कुंपण. मांजर, कुत्रा, मुंगूस, उंदीर, घूस यांतलं काहीही आत जाऊ नये म्हणून ती बांधली आहे. जवळ जाऊन नीट बघा, मुलीलाही दाखवा. जाळी इतकी बारीक की करंगळीसुद्धा जात नाही, कारण उंदराचं पिल्लूही अडवायचं आहे. वरच्या कडेला बाहेरच्या बाजूने वळवलेला गुळगुळीत पत्रा, चढून आलेल्या मांजराचा पंजा तिथे टिकत नाही. खाली जाळी मातीत आडवी पुरलेली, उकरणाऱ्याला ती आडवी येते. फाटक दुहेरी आहे. पहिलं दार उघडून एका पिंजऱ्यासारख्या खोलीत शिरायचं, ते दार मागे नीट लागलं की मगच पुढचं उघडायचं. तुम्ही सगळे एकदम शिरलात तर चांगलीच दाटी होईल. समोरून कुणी येत असेल तर थांबा. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी नको, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. "पाठीमागे लोक येतायत" म्हणून दाराला दगड लावून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो दगड काढा, आणि त्यांना कारणही सांगा.

ही भिंत नसती तर आत काय झालं असतं ते समजायला अल्बट्रॉसची रीत माहीत हवी. इथला लेसान अल्बट्रॉस, हवाईयन नाव मोली. दोन पंखांचा पसारा दोन मीटर. वर्षातला मोठा काळ तो उघड्या समुद्रावर असतो, खाण्यासाठी पार अलास्काच्या दिशेने जातो. नोव्हेंबरात जमिनीवर येतो. घरटं कसलं, मातीत बशीसारखा खळगा, तोही झुडपाच्या आडोशाला मिळाला तर मिळाला. त्यात वर्षाला एकच अंडं. नर आणि मादी आळीपाळीने बसतात, पिल्लू जानेवारी अखेरीपासून बाहेर येतं, आणि उडायला जून-जुलै उजाडतो. जमिनीवरच्या शिकाऱ्याला घाबरायचं असतं हे या पक्ष्याला ठाऊकच नाही, कारण ज्या बेटांवर तो वाढला तिथे असे शिकारी नव्हतेच. कुत्रा समोर आला तरी तो जागचा हलत नाही. माणूस आला तरीही. २०१५ च्या डिसेंबरात काही तरुणांनी रात्री इथे डझनाहून जास्त पक्षी मारले आणि अंडी फोडली. मांजर अडवणारी जाळी त्यांना कुठली अडवणार.

तुम्ही याल तेव्हा अंड्यांवर बसलेले पक्षी वाटेच्या दोन-तीन मीटरवर दिसतील. पांढरंशुभ्र अंग, काळपट पंख, आणि डोळ्यांभोवती काजळ पसरल्यासारखी सावली. वाट सोडू नका, थांबलात तरी आवाज खाली ठेवा, आणि बसलेला पक्षी उठून उभा राहिला तर तुम्ही फार जवळ आहात असं समजून मागे सरा. अंडं उघडं पडलं की उन्हात तापतं.

बसलेल्यांपेक्षा मुलीला मजा वाटेल ती जोडीदार शोधणाऱ्या तरुण पक्ष्यांची. ते नाचतात. मागच्या हंगामातली एक जोडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोघे समोरासमोर उभे, माना खालीवर. मग एकाने चोच पंखाखाली घातली, दुसऱ्याने त्याच क्षणी चोचीचा कडकडाट केला, लाकडी चिपळ्या भराभर वाजाव्यात तसा. मग दोघांनी चवड्यांवर उभं राहून चोची सरळ आभाळाकडे केल्या आणि चक्क गाईसारखे हंबरले. एवढ्यात तिसरा आगंतुक मध्ये घुसला, त्याचा ठेका चुकला, आणि बाकी दोघं नाच थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. हा नाच बिनचूक जमायला त्यांना काही वर्षं लागतात. त्यानंतरची जोडी बहुधा कायमची. उतरतानाही बघा: हवेत एवढा डौल, आणि जमिनीला पाय लागले की कोलांटी. मिडवे बेटावर १९५६ मध्ये ज्या मादीच्या पायात कडी घातली होती ती, विस्डम नावाची, २०२४ मध्येही अंडं घालताना दिसली. म्हणजे तुमच्या आई-बाबांहून मोठी.

खळग्यांच्या आसपास रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर ते कुणी सहलीत टाकलेत असं समजू नका. बाटल्यांची झाकणं, लायटर, असलं काय काय पक्षी समुद्रावरून खाणं समजून उचलतात आणि पिल्लाला भरवतात. पिल्लू पुढे न पचलेला गोळा ओकून टाकतं, त्यातून ते निघतं. उचलायचा मोह झाला तरी घरट्याजवळचं काहीही उचलू नका.

जमिनीत ससा राहत असावा तशी बिळंही दिसतील. ती शिअरवॉटर पक्ष्यांची, इकडे त्यांना उआउ कानी म्हणतात. जानेवारीत ते समुद्रावर असतात आणि वसंतात परततात, पण बिळं तीच वापरतात. छप्पर वीतभर वाळूचं. वाटेच्या बाहेर एक पाऊल टाकलं की बीळ आत ढासळतं, म्हणून दोरीच्या पलीकडे जायचं नाही.

खाली खडकांवर लांबट करडा दगड दिसला आणि त्याने कूस बदलली, तर तो हवाईयन मंक सील. जगात सोळाशेच्या आसपासच उरलेत आणि सगळे हवाईच्या बेटांवर. ते दिवसभर झोपतात, मेल्यासारखे दिसतात, मेलेले नसतात. पंधरा मीटर लांब राहायचं, पिल्लासोबत आई असेल तर पंचेचाळीस. हात लावणं हा गुन्हा आहे, नुसता दंडावर निभावेल असा नाही. आणि जानेवारी म्हणजे कुबड्या देवमाशांचा मोसम. टोकावर दहा मिनिटं गप्प बसून क्षितिजाच्या जरा अलीकडे बघा, पांढरा फवारा दिसेल. दुर्बीण असेल तर आणाच.

बाबांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना हे सांगा: तुम्ही चालताय तो रेल्वेचा रस्ता आहे. बेंजामिन डिलिंगहॅम नावाच्या उद्योजकाने १८८९ मध्ये ओआहू रेल्वे सुरू केली. तीन फुटी अरुंद रूळ, मुख्य काम ऊस आणि साखर वाहून नेण्याचं. होनोलुलूहून निघून, याच टोकाला वळसा घालून रूळ उत्तर किनाऱ्यावर गेले आणि १८९९ मध्ये काहुकूला पोचले. गाडीला प्रवासी हवेत म्हणून त्याच साली डिलिंगहॅमने हालेइवात हॉटेलही काढलं. शहरातले हौशी लोक शनिवारी गाडीने टोकाला वळसा घालून जायचे, रविवारी परत. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीने रूळ ठिकठिकाणी उखडले. ते दुरुस्त केले तरी तोवर ट्रक आणि मोटारी आल्या होत्या, १९४७ संपता संपता गाडी बंद झाली. वाट इतकी सपाट का, याचं उत्तर इंजिनाला चढ झेपत नव्हता म्हणून. पश्चिमेच्या बाजूला रुळांखालच्या दगडी भिंती अजून उभ्या दिसतात. वर डोंगराच्या कण्यावर पांढरे घुमट आहेत, ती उपग्रहांचा माग ठेवणारी लष्करी ठाणी, १९५९ पासूनची. तिकडे जायचं नाही.

डोंगराकडेही बघत चला. काळा पाषाण आपल्याला नवा नाही, पण इथे ज्वालामुखीचं पोट उघडं पडलंय. वाइआनाए ज्वालामुखी सुमारे ३९ लाख वर्षांपूर्वी समुद्रावर आला आणि पुढचे दहाएक लाख वर्षं जागा होता. कड्यात लाव्ह्याचे पातळ थर एकावर एक, समुद्राकडे किंचित कललेले. त्यांना छेदून जाणारे उभे पट्टे दिसतील. डोंगराला भेग पडली, खालून तप्त रस त्यात चढला आणि तिथेच गोठला, ते हे पट्टे. या टोकाकडे त्यांची दाटी आहे, कारण ज्वालामुखीची वायव्येकडे जाणारी मोठी भेग याच रेषेत होती. टोकापाशी जमीन संपते, ज्वालामुखी संपत नाहीत. समोर पाण्याखाली आणखी एक आहे. त्यालाही काएना असंच नाव आहे आणि तो स्वतंत्र, वाइआनाएहूनही जुना ज्वालामुखी असल्याचं २०१४ मध्ये भूशास्त्रज्ञांनी मांडलं. मग एवढ्या काळ्या खडकात टोकावर पांढरी वाळू कुठून, असं मुलगी विचारेल. ती खडकाची नाहीच. प्रवाळ, शिंपले आणि चुना साठवणारी शेवाळं यांचा तो भुगा.

नाउपाकाचं फूल तिला तोडू न देता दाखवा. पाच पाकळ्या, सगळ्या एकाच बाजूला, बाकी अर्धं फूल कुणी फाडून नेलंय असं. इथली गोष्ट अशी की ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांपैकी एक समुद्रकाठी राहिला आणि एक डोंगरात. डोंगरातल्या नाउपाकालाही असंच अर्धं फूल येतं.

टोकाच्या जवळ चुनखडीचा एक मोठा फिकट खडक आहे, लेइना आ का उहाने, म्हणजे आत्म्यांनी झेप घ्यायची जागा. ओआहूवर मेलेल्याचा आत्मा इथून उडी घेऊन पितरांच्या लोकी जातो, अशी हवाईयन लोकांची श्रद्धा आहे, आणि ती आजही मानणारे लोक इथे येतात. त्या खडकावर चढू नका, त्यावर बसून डबा खाऊ नका. देवळाच्या पायरीवर जसं वागतो तसं वागा, एवढं आई-बाबांना सांगितलं की पुरे.

मकापूउबद्दल. ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला. डांबरी वाट, एका बाजूने दीडेक किलोमीटर, वर १९०९ चं दीपगृह, देवमासे दिसायला उत्तम जागा. सगळे म्हातारी माणसं असली की मकापूउच सुचवतात. मला ते तितकंसं पटत नाही. तिथे दीडशे मीटर चढ आहे, आणि दुखरा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. आईंना उन्हाचा त्रास जास्त होत असेल तर मकापूउ, गुडघ्याचा जास्त असेल तर काएना. हे त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका. आई अर्ध्या वाटेतून परतल्या तर बसलेले पक्षी त्यांना दिसणार नाहीत, ते कुंपणाच्या आतच असतात. पण वाऱ्यावर कड्याच्या कडेने पंख न हलवता तरंगत जाणारे अल्बट्रॉस वाटेवरूनही दिसतात. आईंसोबत परतायला मोठं कुणीतरी हवं, एकटं सोडू नका.

गाडीचं राहिलं. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात आणि भाड्याची गाडी लांबूनच ओळखू येते. आत काही म्हणजे काहीच ठेवू नका, डिकीतही नाही. तिथे पोचल्यावर सामान डिकीत टाकणं तर सगळ्यात वाईट, बघणारा बघत असतो. पासपोर्ट हॉटेलवर, पैसे खिशात, आणि किल्ली झिप असलेल्या खिशात. सॅकमध्ये का नाही, ते वर सांगितलंच आहे.

ड्रोनचं उत्तर नाही असं आहे. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय ते चालत नाही, कुत्रा आणि सायकलही कुंपणाच्या आत चालत नाही. दुर्बीण मात्र दोन आणा, एक मुलीची आणि एक बाकीच्यांची, नाहीतर परतीच्या चार किलोमीटरांत भांडण त्यावरूनच होईल.